शिडाच्या जहाजाच्या मॉडेलमध्ये त्या बारक्या पितळी पिना कशासाठी असतात? दोराला सरळ गाठ मारली तर चालत नाही का?

तुम्ही लिहिलंय की कटी सार्क या जुन्या ब्रिटिश शिडाच्या जहाजाचं १:८४ स्केलचं लाकडी किट आणलंय, त्यात पितळी पिनांची एक पुडी निघाली, प्लॅनमध्ये कठड्याला ओळीने भोकं दाखवलीयत आणि प्रत्येक भोकात एक पिन, तर हा खटाटोप कशाला, आणि क्लीट नि बिट्स हे परत वेगळं काय प्रकरण आहे. मी मर्चंट नेव्हीत डेकवर होतो, म्हणजे डिझेलच्या जहाजांवर, शिडाच्या नाही, पण दोरांशी रोजचा संबंध आणि जुनी जहाजं दिसली की तिकडे वळायची सवय, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

तर आधी गाठीचं. शिडाच्या जहाजावर दोर दोन जातीचे. एक जात डोलकाठीला उभं धरून ठेवणारी, ते दोर एकदा ताणले की महिनोन्महिने तसेच, त्यांचं बांधकाम वेगळं, तुमच्या किटमध्ये तीन भोकांच्या गोल लाकडी चकत्या जोडीजोडीने असतील तर त्या याच दोरांसाठी, त्या दोन चकत्यांमधून बारीक दोरी ओवून ताण द्यायचा. दुसरी जात हलणाऱ्या दोरांची, शीड वर घ्यायचं, खाली आणायचं, आडवी काठी वाऱ्याप्रमाणे फिरवायची, शिडाचा खालचा कोपरा ओढून धरायचा, हे सगळं त्यांच्यावर. आणि हे दोर दिवसातून कितीदा तरी सोडावे लागतात, रात्री, पावसात, थंडीने बोटं आखडलेली असताना. पिना, इंग्रजीत बिलेइंग पिन, यांच्यासाठी.

आता जुना दोर म्हणजे भांगेच्या जातीतल्या हेम्प नावाच्या झाडाच्या धाग्याचा नाहीतर मनिला नावाच्या, केळीच्या जातीतल्या झाडाच्या धाग्याचा. तो भिजला की फुगतो आणि लांबीला आखडतो. अशा दोराला कोरडा असताना गाठ मारलीत आणि वर पाऊस पडला की ती गाठ सुटत नाही, कापावीच लागते. पाऊस यायला लागला की खलाशी ताणलेले दोर थोडे सैल करून ठेवायचे ते याच कारणाने. म्हणजे गाठ मारणं सोपं आहे हो, प्रश्न ती सोडायची कशी हा आहे, आणि जहाजावरची दोर अडकवायची सगळी साधनं याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत असं माझं मत.

गाठ नाही मग दोर धरतो कोण, तर घर्षण. खांबाला दोर गुंडाळला की प्रत्येक वेढ्याला पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने याचं सूत्रच आहे. घर्षणाचा गुणांक ०.३ धरा, दोर एका बाजूने १००० किलोच्या वजनाइतका ओढला जातोय, तर एका पूर्ण वेढ्यानंतर दुसऱ्या टोकाला तुम्हाला साधारण १५० किलो धरावे लागतील, दोन वेढ्यांनंतर २३, आणि तीन वेढ्यांनंतर साडेतीन. साडेतीन किलो पोरगंही धरेल. आणि वेढे उलट्या क्रमाने काढत गेलात की तोच ताण तुमच्या ताब्यात राहून हळूहळू सुटतो. गाठीत हे होत नाही, गाठ एकतर बांधलेली असते नाहीतर सुटलेली, मधलं काही नाही.

पिन कशी काम करते ते बघा. खरी पिन साधारण सोळा इंचांची, वरचा भाग मुठीसारखा फुगीर, खालचा सरळ दांडा, मध्ये जिथे फुगवटा संपतो तिथे ती कठड्याच्या भोकात अडकून बसते, तिला खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडाची असेल तर अॅशसारख्या चिवट नाहीतर लिग्नम व्हिटेसारख्या जड लाकडाची, नंतरच्या काळात लोखंडाची किंवा पितळेची. दोर वरून येतो, तो आधी कठड्याच्या खाली पिनेच्या दांड्याला पाठीमागून वळसा घालतो, मग वर मुठीला, मग परत खाली, असा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तीनचार वेळा. शेवटी अडकवणारा फास नाही. हे महत्त्वाचं आहे कारण आजकाल नायलॉनच्या दोराला लोक शेवटचा वेढा उलटा घालून लॉक करतात, नायलॉनला ते चालून जातं, जुन्या दोराला केलं असतं तर पुन्हा गाठीचंच दुखणं. उरलेला दोर गुंडाळी करून त्याच पिनेच्या डोक्यावर टांगायचा, म्हणजे डेक मोकळा राहतो, आणि वेळ आली की गुंडाळी उचलून डेकवर टाकायची, दोर सरसर पळतो.

सिनेमात दाखवतात की हिरो पिन उपसून काढतो आणि धाडकन शीड कोसळतं. होतं तसं, पिन भोकातून वर निघाली की वेढे आपोआप निसटतात, ही तिची सोय आहेच, पण ताण असलेल्या दोराची पिन अशी काढणं म्हणजे कोणाचं तरी डोकं फुटणार. शहाणा खलाशी वेढे एकेक काढतो, शेवटचा ठेवतो आणि दोर हाताने सरकवत सोडतो. बाकी पिन हाणामारीला वापरायचे ते मात्र खरंय, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन जहाजांवर अधिकाऱ्याच्या हातून पिनेचा मार खाण्याला खलाशी ‘बिलेइंग पिनचं सूप’ म्हणायचे.

पिन मोडली तर दुसरी खोचायची, हाही फायदा, क्लीट उखडलं तर सुतार बोलवावा लागतो. क्लीट म्हणजे दोन शिंगांचा तुकडा, डोलकाठीला किंवा कठड्याच्या आतल्या बाजूला ठोकलेला, कधी तर उभ्या दोरालाच बांधलेला. वेढे घालायची पद्धत तीच. फक्त क्लीट दोराच्या रेषेत अगदी सरळ बसवायचं नसतं, दहापंधरा अंश तिरकं ठेवायचं, नाहीतर पहिल्या वेढ्यावर दुसरा चढून दोर आवळला जातो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जहाजांवर पिना कमी आणि अशी क्लीटं नि कठड्यातून वर आलेली लाकडी खुंटंच जास्त असायची, पिनांच्या लांबलचक ओळी नंतर वाढल्या. मॉडेलवाले इथे हमखास चुकतात, १६००च्या सालातल्या जहाजावर पिनांचं जंगल उभं करतात. तुमचं जहाज १८६९ चं, स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलेलं, त्यामुळे तुम्हाला पिना पाहिजेतच.

खरं जहाज जवळून बघायचं तर माझ्या आवडीचं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आहे, ब्रिटिश नौदलाचं जुनं लढाऊ जहाज एच.एम.एस. ट्रिंकोमाली. आमचं जहाज तिथून जवळ टीस नदीच्या मुखाशी लागलं होतं तेव्हा मुद्दाम गेलो, कारण ती आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडली, आणि अजून तरंगतेय. मध्ये बराच काळ तिचं नाव फूद्रॉयां ठेवून पोरांच्या ट्रेनिंगला वापरली, मग १९८७ साली हार्टलपूलला नेऊन दुरुस्त केली. डोलकाठीच्या पायथ्याशी तीन बाजूंनी पिनांचा कठडा, दोन्ही कडांना पिनांच्या ओळी, आणि मी अर्धा तास नुसता एकेक दोर डोळ्यांनी वर कुठे जातो ते बघत उभा, बरोबरचा थर्ड इंजिनियर कंटाळून चहा प्यायला निघून गेला.

तिथे उभं राहिलं की दुसरी गोष्ट कळते, ती म्हणजे जागा. मोठ्या शिडाच्या जहाजावर हलणारे दोर दोनशेच्या घरात जातात आणि प्रत्येकाची पिन ठरलेली. त्यात रीत असते, सर्वसाधारणपणे जितकं वरचं शीड तितकी त्याची पिन मागच्या बाजूला, आणि डाव्या बाजूला जे तेच उजव्या बाजूला. अंधारात खलाशी हाताने चाचपून मोजत जातो आणि बरोबर दोर पकडतो, आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर गेला तरी फार शोधावं लागत नाही. कटी सार्कवर माणसं तिशीच्या आसपास, म्हणजे एका पाळीला किती हात आले बघा, तिथे दोर शोधत बसायला कोणाला वेळ आहे.

आणि वेळ खरंच नसतो. ब्रिटिश नौदलाचं युरिडिसी नावाचं ट्रेनिंगचं जहाज २४ मार्च १८७८ ला आयल ऑफ वाइटच्या जवळ शिडं वर असताना बर्फाच्या वावटळीत सापडलं, तोफांच्या खिडक्याही उघड्या होत्या, आडवं झालं आणि बुडालं, तीनशेच्या वर माणसांपैकी दोन वाचली. अशा वेळी शिडांचे दोर किती पटकन सोडता येतात यावर खूप काही ठरतं. म्हणून वरच्या शिडांचे दोर कधीही अडकतील असे बांधत नसत.

बिट्स हा मात्र ताकदीचा मामला. दोन जाड खांब, खाली डेकमधून जाऊन जहाजाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेले, मध्ये आडवं लाकूड. डोलकाठीजवळचे लहान बिट्स शिडाच्या जड दोरांना, पण पुढचे मोठे बिट्स नांगराच्या दोराला. एच.एम.एस. व्हिक्टरीसारख्या मोठ्या जुन्या लढाऊ जहाजाच्या नांगराचा दोर परिघाला २४ इंच, म्हणजे व्यास १९ सेंटीमीटर. हा दोर कॅपस्टनला, म्हणजे माणसांनी ढकलत गोल फिरवायच्या उभ्या रहाटाला, गुंडाळताच येत नाही, वळणारच नाही. मग कॅपस्टनला एक बारीक गोल फिरणारा दोर, त्याला नांगराचा दोर छोट्या दोऱ्यांनी तात्पुरता बांधायचा, पोरं त्या दोऱ्या धरून चालत राहणार, पुढे पोचलं की सोडून परत मागे पळत येणार. आणि नांगर टाकताना दोर बिट्सवरून असा पळायचा की लाकूड तापून धूर यायचा, म्हणून बादल्या घेऊन पाणी मारत राहायचे. आजच्या मालवाहू जहाजावर पुढे नि मागे जे जोड लोखंडी खांब दिसतात ते याच बिट्सचे वंशज, आणि त्यांच्यावर आम्हीही दोर आठच्या आकड्यातच घालायचो.

आपल्याकडच्या कोकणातल्या शिडाच्या होड्यांवर असं पिनांचं जंगल का नाही असं कोणी विचारेल, तर तिथे तिरकं एकच मोठं शीड, हलणारे दोर मोजके, मग एवढ्या खुंट्या लागतातच कशाला. पण गोव्यात बांधलेली नौदलाची तरंगिणी बघा, तीन डोलकाठ्यांची, तिच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी शिडं आहेत म्हणून तिच्यावर आजही पिना आहेत. उलट म्हादेई, तारिणी या गोव्यातल्याच दिवाडीच्या यार्डात बांधलेल्या नौदलाच्या छोट्या शिडाच्या बोटी जगप्रदक्षिणा करून आल्या त्या विंच (दोर ओढायचा फिरता रहाट), क्लच (दोर चिमटून धरणारी खटकी) आणि क्लीटवर, कारण तिथे एकदोन माणसांना किंवा फारतर सहा जणींना सगळं हाताळायचं असतं.

आता तुमचं मॉडेल. पुडीतली एक पिन काढून मोजा. खरी पिन सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर, भागिले ८४, आली ४.८ मिलिमीटर. किटमध्ये बहुतेक ८ किंवा १० मिलिमीटरची असते, दहाची असेल तर ती खऱ्या जहाजावर ८४ सेंटीमीटरचा सोटा झाला, कंबरेएवढा! बाहेरून पाच मिलिमीटरच्या मागवा नाहीतर पातळ पितळी तारेतून स्वतः घासून करा, मी दुसरं सुचवेन, वेळ जातो पण दिसायला फरक पडतो. भोकं कठडा जहाजावर चिकटवायच्या आधी पाडा, नंतर ड्रिल आत जात नाही आणि कडा फुटते. दोर पिनेखालून घेऊन एक वळसा द्या, थोडा पातळ केलेला फेव्हिकॉलचा थेंब, सुकला की उरलेला कापून टाका. गुंडाळी त्या दोराची करत बसू नका, तशी ती कधी नीट लोंबत नाही, दोन खिळ्यांभोवती वेगळी गुंडाळून, गोंदाच्या पाण्यात भिजवून, ओली असतानाच बोटाने खाली ओढून वाळवा आणि मग पिनेच्या डोक्यावर चिकटवा. आणि सगळ्या गुंडाळ्या सारख्या मापाच्या करू नका, वरच्या शिडाच्या दोराची गुंडाळी मोठी असते कारण दोर लांब असतो.