डोक्यातली गाठ आणि पंचविशीतले प्रश्न

मेंदूतल्या गाठींबद्दल आलेली बहुतेक पत्रं या वेळी विशी-तिशीतल्या मुलामुलींची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. नावं गाळून त्यातली काही घेतो. एमआरआय न बघता दिलेली ही उत्तरं आहेत, तेव्हा ती तुमच्या डॉक्टरांशी बोलताना वापरा, त्यांच्याऐवजी नको.

सर, मी २२ वर्षांचा, नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राजवळ लो ग्रेड ग्लायोमा (मेंदूच्या आधार-पेशींची संथ वाढणारी गाठ) असावा असं निघालं. डॉक्टर जागं ठेवून ऑपरेशन करू म्हणतात. कवटी उघडलेली आणि मी जागा? शिवाय दीड महिन्यावर परीक्षा आहे. तोवर थांबता येईल का?

जागेपणीच्या ऑपरेशनचं नाव काढलं की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. पण मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते कातडीला, हाडाला आणि मेंदूवरच्या आवरणाला. त्यासाठी डोक्याच्या कातडीच्या नसांपाशी भुलीची इंजेक्शनं देतात. कवटी उघडेपर्यंत बहुतेक ठिकाणी झोपवूनच ठेवतात आणि फक्त मधल्या टप्प्यात जागं करतात.

तेव्हा तू एका कुशीवर असशील, डोकं क्लॅम्पमध्ये पक्कं धरलेलं, डोळ्यांसमोर स्क्रीन. एकेक चित्र येईल आणि तू म्हणायचं, ‘हे चित्र कुत्र्याचं’, ‘हे चित्र छत्रीचं’. त्याच वेळी सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी सौम्य करंट देतो. ‘हे चित्र…’ इतकं आलं आणि पुढे छत्री सुचेना, तर ती जागा शब्द शोधण्याची. ‘हे’सुद्धा फुटेना, तर ती बोलण्याची क्रियाच चालवणारी. तिथे नंबर लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवतात आणि ती जागा राखून गाठ काढतात. करंट काढला की बोलणं परत येतं. मध्येच फिट आलीच, तर मेंदूवर थंडगार सलाईन सोडतात, बहुधा तेवढ्याने ती थांबते. नंतर पेशंट तक्रार करतात ती वेगळ्याच गोष्टींची: अवघडलेला खांदा, कोरडं पडलेलं तोंड, लघवीची नळी.

टीमला आधीच सांगून ठेव की घरी कोणती भाषा बोलतोस, मित्रांशी कोणती, अभ्यास कोणत्या भाषेत. ज्या भाषांवर तुझं रोजचं चालतं, त्या सगळ्यांत चाचणी व्हायला हवी. घरी अहिराणी असेल तर अहिराणीतही. ऑपरेशननंतर सुजेमुळे काही दिवस बोलणं अडखळू शकतं. स्पीच थेरपीने ते बहुतेकांचं काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत सुधारतं.

परीक्षेचं म्हणशील, तर गाठ खरोखर संथ दिसत असेल, आजूबाजूला सूज नसेल आणि गोळ्यांनी फिट थांबल्या असतील, तर काही आठवडे थांबणं अनेकदा चालतं. सर्जनला परीक्षेची तारीख सांगून सरळ विचार. मात्र सकाळी डोकं ठणकून उलटी होणं, गुंगी येणं, हातापायातली ताकद कमी होणं, यातलं काहीही झालं तर परीक्षा राहिली बाजूला, थेट कॅज्युअल्टी गाठायची. आणि अभ्यासासाठी नाइट मारायची नाही. जागरण आणि चुकलेली गोळी ही फिट परत येण्याची हमखास कारणं.

बहीण २६ वर्षांची. ऑपरेशननंतर बायोप्सीत ग्रेड ३ अ‍ॅस्ट्रोसायटोमा (ग्लायोमाचाच प्रकार; ग्रेडचा आकडा मोठा तितकी गाठ आक्रमक) आला. तिला आम्ही ‘साधी गाठ होती, निघाली’ असंच सांगितलंय. आता लाईट (रेडिएशन) द्यायचे आहेत. कळलं तर ती खचेल, असं आई म्हणते. डॉक्टरांनाही सांगू नका म्हणून विनंती केली आहे. बरोबर केलं ना? (लातूर)

नाही. आईचं काळीज मला कळतं, पण हे झाकून राहणार नाही. लाईटसाठी तिच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतील. तो टेबलाला अडकवून, आठवड्यातले पाच दिवस, जवळजवळ सहा आठवडे उपचार चालेल. दारावर कॅन्सर विभागाची पाटी असेल. बाकावरची शेजारीण विचारेल, ‘तुमचा कुठला?’ ठिकठिकाणचे केस जातील. फाइल तिच्या मांडीवर असेल आणि मोबाइल हातात. त्यामुळे तिला कळणार की नाही हा प्रश्न नाहीच. कोणाकडून आणि कसं कळावं, एवढंच तुमच्या हातात आहे.

ती सज्ञान आहे, संमतीपत्रावर सही तिची लागते. कशावर सही करतोय हेच माहीत नसेल तर ती संमती कसली? शिवाय केमोच्या गोळ्यांआधी बीजांडं गोठवून ठेवायची का, हा निर्णय तिचाच आणि त्याला मुदत असते. ‘साधी गाठ’ असं सांगून तुम्ही तो परस्पर घेऊन टाकला आहे.

ओपीडीच्या गर्दीत नको, डॉक्टरांकडे स्वतंत्र वेळ मागा. सुरुवात तिच्यापासून होऊ दे: ‘तुला काय वाटतं, काय झालंय?’ अर्धंअधिक तिला कळलेलं असतं, घरच्यांसाठी ती गप्प असते. किती जाणून घ्यायचंय तेही तिलाच विचारा. आकडे नको म्हणाली तर नकोत.

तुम्ही स्वतः नेटवर ‘ग्रेड ३’ वाचून हादरला असाल, तर रिपोर्टमध्ये आयडीएच ही ओळ शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ग्रेडइतकंच वजन या जनुकीय तपासणीला आहे. आयडीएच म्युटंट, म्हणजे त्या जनुकात बदल असलेल्या गाठी ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमापेक्षा पुष्कळ संथ असतात, उपचारांनंतर वर्षानुवर्षं नोकरी-संसार करणारे अनेक जण आहेत. गाठ परत येऊ शकते, हेही खरं. दोन्ही तिला सांगा.

वय २९, लग्नाला दोन वर्षं. ग्रेड २ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा (हाही ग्लायोमाच), ऑपरेशनमध्ये थोडी गाठ राहिली. लाईट आणि केमो सुचवलं आहे. सासूबाई म्हणतात, आधी मूल होऊ दे, उपचार कुठे पळून जातात. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. (कोल्हापूर)

तुमचं शेवटचं वाक्य सर्वांत निकडीचं आहे. व्हॅल्प्रोएटवर असताना दिवस गेले तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याचा आणि बौद्धिक वाढ मागे पडण्याचा धोका मोठा आहे. लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन हे त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित पर्याय. याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना भेटा. गोळी बदलून होईपर्यंत दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या. मात्र मनाने गोळी बंद करू नका, एकामागून एक फिट येत राहतील.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चाळिशीच्या आतली पेशंट आणि ग्रेड २ गाठ पूर्ण निघालेली, अशा वेळी काही जणींना नुसतं एमआरआयवर लक्ष ठेवून सोडतात आणि त्या काळात बाळंतपणंही होतात. तुमची गाठ मात्र उरली आहे. गरोदरपणात काहींमध्ये ग्लायोमाची वाढ वेग घेते, फिट वाढतात. ‘उपचार दोन वर्षं पुढे ढकलले तर माझ्या बाबतीत काय धोका?’ हा प्रश्न नवऱ्याला सोबत घेऊन तुम्ही स्वतः ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे गाठींच्या उपचारांचा निर्णय एकत्र बसून घेणाऱ्या डॉक्टरांना विचारा. त्याचं उत्तर घरच्या बैठकीत मिळणार नाही.

उपचार आधी घ्यायचे ठरलं, तर बीजांडं किंवा भ्रूण गोठवायला साधारण दोन आठवडे पुरतात, जखम भरण्याच्या काळात ते बसतं. टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी मिळणार असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. पुरुष पेशंटनीही हे वाचावं. त्यांच्यासाठी वीर्य गोठवणं हे फार तर एक-दोन चकरांचं काम, आणि तेच सुचवायचं राहून जातं. तुम्ही विचारा.

वय २५, पुण्यात आयटीत. मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), ग्रेड १, पूर्ण निघाला, चार महिने झाले. सगळे म्हणतात, ‘आता ठणठणीत दिसतोस.’ पण दुपारनंतर डोकं चालत नाही, मीटिंगमधलं आठवत नाही, आईवर खेकसतो. बाइक कधी चालवू?

‘ठणठणीत दिसतोस’ हे पेशंटला सर्वांत एकटं पाडणारं वाक्य असावं. टाके भरले, केस आले की लोकांच्या लेखी आजार संपतो. मेंदूच्या ऑपरेशननंतरचा थकवा महिनोन्महिने राहू शकतो, गाठ साधी असली तरी. ऑफिसची जड कामं सकाळी ठेवा, मीटिंगचं लगेच लिहून काढा, मॅनेजरकडे काही काळ कमी तास मागा. तोंडी मागितलं तर हसण्यावारी जाईल, डॉक्टरांचं पत्र द्या. विसरणं कमी होत नसेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मरण, लक्ष यांच्या चाचण्या घेणारे तज्ज्ञ) तपासणी करून घ्या. नेमकं काय अडतंय, लक्ष की स्मरण, ते त्यात कळतं.

खेकसण्याबद्दल: फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे का? चिडचिड हा त्याचा चांगलाच ओळखीचा दुष्परिणाम आहे. डोस कमी करून किंवा गोळी बदलून फरक पडतो. आईला हे सांगितलंत तर तिलाही हायसं वाटेल.

बाइकचं विचारलंत, पण कधी फिट आली होती का ते लिहिलं नाहीत. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं. डॉक्टरांनी लेखी मोकळीक देईपर्यंत बस आणि मेट्रो. पोहणं एकट्याने नको.

मुलगा सतत मोबाइलवर असायचा, त्यानेच झालं का?

नाही, आणि हे त्याला पुन्हा ऐकवू नका. २०११ मध्ये मोबाइल लहरींना ‘कदाचित’ धोकादायक अशा यादीत टाकलं होतं, त्याची भीती अजून फिरते. पण जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध दिसला नाही. बहुतेक गाठींचं कारण सापडतच नाही.

माझ्या रूममेटचं गाठीचं ऑपरेशन झालंय. त्याला फिट आली तर मी काय करायचं?

आधी घड्याळ बघ. त्याला कुशीवर वळव, डोक्याखाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल, चष्मा काढ, टेबल-खुर्ची लांब सरकव. हातपाय दाबून धरायचे नाहीत. दातांत चमचा नको, पाणी नको, कांदा नको, चप्पलही नको. मोबाइलवर व्हिडिओ घेतलास तर डॉक्टरांना त्याचा खरोखर उपयोग होतो, फक्त तो ग्रुपवर टाकू नकोस. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली किंवा डोक्याला मार लागला, तर १०८ ला फोन. थांबल्यावर तो अर्धा-पाऊण तास गोंधळलेला राहील, तेवढा वेळ खोलीतच थांब. रेक्टरना आणि त्याच्या घरी काय कळवायचं, हे मात्र आजच त्याला विचारून ठेव.