पदवीनंतर चटणीचा उद्योग : कर्जाआधी उधारीचे गणित

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले सोलापूरहून आलेले पत्र मिळाले. आपली कन्या बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पदवीनंतर घरच्या शेंगदाणा चटणीचा उद्योग सुरू करण्याचा तिचा मानस आहे. त्याआधी तिने एमबीए करावे का आणि अनुदान मिळते म्हणून आताच कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे.

कर्ज आताच काढू नये. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान असले, तरी ते रोख हातात पडत नाही. ते बँकेत ठेवले जाते आणि कर्जाची शेवटची रक्कम उचलल्यापासून ३ वर्षे उद्योग चालू राहून खाते थकले नाही, तरच कर्जात वळते होते. शिवाय ही योजना चालू उद्योगांसाठीही आखलेली असल्याने आधी लहान प्रमाणावर सुरुवात केल्याने तिच्यावर पाणी सोडावे लागत नाही. योजनेची सध्याची मुदत तेवढी कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावी.

सोलापुरात चटणी करणाऱ्यांची वाण नाही, त्यामुळे चवीइतकाच हिशेबही पक्का हवा. दाणे भाजून, साले पाखडून, खवट दाणे निवडून झाले की किलोचा किलो उरत नाही. ही तूट, पाकीट, लेबल, गॅस, दुकानदाराचे कमिशन आणि परत येणारा माल धरूनच भाव काढावा. घरच्यांची मजुरी धरायची मात्र बहुतेक जण विसरतात. पुढचा प्रश्न उधारीचा. समजा, दर आठवड्याला २५ किलो माल दुकानांत गेला आणि पैसे चार आठवड्यांनी आले, तर पहिली वसुली होण्याआधी १०० किलो चटणीचा दाणा, मिरची आणि लसूण तिला पदरमोड करून घ्यावा लागेल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, विनाशुल्क आहे आणि नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. पण किराणा दुकानदारावर तक्रार गुदरली की ते दुकान कायमचे तुटते, हेही तितकेच खरे.

म्हणून हे वर्ष तिने मोजक्या दुकानांपुरता माल करण्यात घालवावे. अन्नसुरक्षा नोंदणी मात्र पहिले पाकीट विकण्यापूर्वीच करावी, पाकिटावर बॅच क्रमांक व तारीख घालावी आणि प्रत्येक बॅचची काही पाकिटे घरी ठेवून चटणी किती दिवसांनी खवट होते ते टिपून ठेवावे. सुट्टीत एखाद्या ठोक व्यापाऱ्याच्या गल्ल्यापाशी बसता आले, तर फार उत्तम.

एमबीएची घाई नको. तूर्तास महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या जिल्हा कार्यालयात अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. वर्षाअखेरीस तिची विक्री-वसुलीची वही मला पाठवावी; कर्ज किती पेलेल, हे ती पाहून ठरवता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक