वडिलांची बंदूक कपाटात, लायसन्स संपलेलं: नावावर करू की जमा करू?

दिवाळी झाली की आणि इलेक्शन लागली की हा प्रश्न मला हमखास येतो, फक्त गाव बदलतं. यावेळी नगर जिल्ह्यातून आलाय. वडिलांची बाराबोर दुनळी, रानडुकरांसाठी घेतलेली, लायसन्स वडिलांच्या नावावर. वडील जाऊन दोन वर्षं आठ महिने झाले, मधे लायसन्सची मुदतही संपली. बंदूक अजून माजघरातल्या लोखंडी कपाटात, काडतुसं देवघराखाली बिस्किटाच्या डब्यात. परवा दिवाळीत नऊ वर्षांच्या पुतण्याने ती काढून बहिणीवर रोखली, नशीब घोडा ओढला नाही. आणि तुमचा प्रश्न काय, तर वारस नोंद तलाठ्याकडे करायची की तहसीलला!

भाऊ, बंदूक म्हणजे सातबारा नव्हे. वस्तू म्हणून ती वारसांची आहे, मान्य, पण लायसन्स माणसाचं असतं आणि ते माणसाबरोबर गेलं. त्या दिवसापासून तुमच्या घरात जे आहे त्याला कायदा विनापरवाना हत्यारच म्हणतो, भले त्यावर तुमच्या आजोबांनी तेलाचा हात फिरवलेला असो.

तुमचं सगळं प्रकरण आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम २१ वर उभं आहे. हत्यार जवळ ठेवणं कुठल्याही कारणाने बेकायदेशीर झालं, की ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं, एवढंच ते कलम सांगतं. "विनाकारण उशीर" म्हणजे किती दिवस हे त्यात लिहिलेलं नाही. तेराव्यानंतर आठवड्याभरात गेला असता तर कोणी विचारलंही नसतं. दोन वर्षं आठ महिन्यांना मी वकील असूनही कारण सुचवू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं आणि वर दंड आहे, त्यामुळे "बघू नंतर" आता बास.

तरी एक जागा तुमच्या बाजूने आहे. अशा केसमध्ये खटला भरायला कलम ३९ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे तुमच्याकडे कलेक्टरचीच मंजुरी लागते. त्या फाईलमध्ये "वारसाने स्वतःहून कळवलं" असा कागद आहे, की "मुलाला गोळी लागल्यावर घरझडतीत मिळाली" असं लिहिलंय, यावर खूप काही ठरतं. मंजुरी मिळणारच नाही अशी गॅरंटी मी देत नाही, पण पहिला कागद असलेला क्लायंट मला कधीही परवडतो.

म्हणून याच आठवड्यात वकिलाकडून अर्ज लिहून घ्या, मृत्यूचा दाखला, जुन्या लायसन्सची झेरॉक्स आणि त्यावरचा बंदुकीचा नंबर जोडा. पोलीस स्टेशनला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोहोच घ्या, तोंडी "सांगून ठेवलंय" चालणार नाही. बंदूक पिशवीत घालून मोटारसायकलवर स्वतः नेऊ नका, पोलिसांना घरी बोलवा, पंचनामा होऊ दे, पावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या दोन्ही आली पाहिजेत. विहिरीत टाकून द्या म्हणणारा एक काका प्रत्येक गावात असतो. त्याचं ऐकू नका, नंबर सरकारी रजिस्टरला आहे, उद्या विचारतील तेव्हा विहीर उपसणार का?

नावावर करायचं म्हणाल तर आर्म्स रूल्स २०१६ मध्ये मयताच्या वारसाला लायसन्स देण्याची तरतूद आहे, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागेल, पोलीस रिपोर्ट येईल. मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि घरातला २१ च्या आतला कोणी अर्जदार म्हणून पुढे करू नका. जमा केलेली बंदूक लायसन्स मिळाल्यावर परत घेता येते किंवा विकता येते, पण त्यालाही मुदत असते आणि ती गेली की बंदूक सरकारजमा.

खरं सांगू का, मुळात हवीय का ती? वडिलांची आठवण म्हणताय, पण पुतण्याला किल्ली कुठे असते ते माहीत आहे. उद्या उडाली आणि कोणी दगावलं तर आर्म्स अ‍ॅक्ट राहिला बाजूला, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. आणि तो मुलगा आयुष्यभर ते घेऊन फिरणार, ते वेगळंच. २०२४ मध्ये मुंबईत अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, तेही मोठा माणूस, घरात, पहाटे.

पोलीस येईपर्यंत बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला, रानडुकरांसाठी भरून ठेवायची सवय बऱ्याच म्हाताऱ्यांना असते. रिकामी आहे का बघायला उघडू नका, नळीत डोकावू तर अजिबात नका. कपाटाचं कुलूप आजच बदला, किल्ली तुमच्या खिशात, डबा दुसऱ्या कुलुपात. आणि पंचनाम्याच्या दिवशी पुतण्याला मामाकडे पाठवा.