स्रावसंस्था, उत्सर्जन संस्था की स्राव व्यूह?

खानापूरच्या एका बीएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलंय: जिवाणू ज्या यंत्रणेतून प्रथिनं आणि डीएनए बाहेर किंवा दुसऱ्या पेशीत पाठवतात, त्या 'सिक्रीशन सिस्टिम'ला मराठीत उत्सर्जन संस्था म्हणावं की स्रावसंस्था? आणि कन्नडात चेतासंस्थेला 'नरव्यूह' चालतो, तर मराठीत 'स्राव व्यूह' का नको?

व्यूह आधी निकालात काढू. कन्नड शरीरशास्त्रात तो मुरलेला शब्द आहे, पण मराठीत व्यूह म्हटलं की अभिमन्यू आठवतो, आणि नरव्यूह म्हणजे तर पुरुषांची फळीच! आपल्याकडे पचनसंस्था, चेतासंस्था रुळल्यात. बेळगावात नुसतं 'संस्था' म्हटलं तर पतसंस्था डोळ्यांपुढे येईल खरी. समासात तो घोळ होत नाही.

उत्सर्जन नकोच. ते मूत्रपिंडाचं काम, नकोसं बाहेर टाकण्याचं. जिवाणू इथे कामाचा माल पाठवतो. पटकीचा जिवाणू आपलं विष दुसऱ्या प्रकारच्या (या यंत्रणांना क्रमांक दिलेत, ही 'टाईप टू') यंत्रणेतून पेशीबाहेर सोडतो, तिथे 'स्राव' चपखल बसतो. अडचण पुढे आहे. डाळिंबावर तेल्या रोग आणणारा झँथोमोनास जिवाणू तिसऱ्या प्रकारच्या यंत्रणेच्या पोकळ तंतूतून प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत घुसवतो. यात पाझरणं कुठलं?

चौथा प्रकार तर खास. वेलीवर, गुलाबावर गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणू याच मार्गाने स्वतःच्या डीएनएचा तुकडा वनस्पतीत पोचवतो. जातो तो एकेरी धागा, आणि त्याच्या टोकाला एक प्रथिन पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. यंत्रणा ओळखते ती या प्रथिनाला. डीएनए त्याच्यामागून ओढला जातो. म्हणजे प्रथिनांसाठी घडवलेलं नाव डीएनएला लावलं तरी फारसं बिघडत नाही.

जिवाणू-जिवाणूंमधल्या संयुग्मनातही, म्हणजे एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून डीएनए देतो त्यातही (लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये दाखवलं ते) सहसा याच प्रकारची यंत्रणा लागते, आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद देणारी जनुकं बरीचशी अशीच पसरतात. पण संयुग्मन ही घटना, स्रावसंस्था हे तिचं साधन. एकाच्या जागी दुसरा शब्द घालू नये.

तेव्हा नाम 'स्रावसंस्था' ठेवा, क्रियापद मात्र बदला. 'जिवाणू पेशीत प्रथिन स्रवतो' हे कानाला खुपतं. 'सोडतो', 'घुसवतो', 'पोचवतो' यांतलं प्रसंगाला शोभेल ते लिहा. आणि 'टाईप फोर'साठी 'चतुर्थ प्रकार' कशाला, 'चौथ्या प्रकारची स्रावसंस्था' बस झालं.