प्रश्न वाचकांचे : तास किती आणि तासिका किती?

प्रश्न : मी पुण्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शाखेची सहायक प्राध्यापक असून माझी नेमणूक दरवर्षी ११ महिन्यांच्या करारावर होते. आठवड्याला २२ तासिका, चार वेगवेगळे विषय, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या ‘नॅक’च्या फायली आणि जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलावर बसणे, हे सारे करारातील ‘संस्थेने वेळोवेळी सोपवलेली इतर कामे’ या एका ओळीत बसवले जाते. नव्या करारात मी काय मागावे? कामगार आयुक्तांकडे दाद मागता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाही’ असे आहे. तत्कालीन औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरंबाळ खटल्यात दिला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तक्रार निवारण समितीची तरतूद आहे; मात्र तेथेही पहिला प्रश्न ‘करारात काय लिहिले आहे?’ हाच येईल, आणि म्हणूनच सहीपूर्वीचे हे काही दिवस आपल्यासाठी मोलाचे आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे, आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास असावे. यातील ‘कमी नसावा’ हे शब्द नीट वाचावेत. ४० हा आकडा खालची मर्यादा सांगतो, वरची सांगत नाही; ती करारातच घालून घ्यावी लागते.

आता आपल्या २२ तासिका पाहू. तासिका ४८ मिनिटांची असेल, तर त्यांचे १७ तास ३६ मिनिटे होतात; ६० मिनिटांची असेल, तर पूर्ण २२ तास होतात. एकाच वेळापत्रकाचे असे दोन अर्थ निघू शकतात, म्हणून तासिका किती मिनिटांची धरली आहे हे करारात स्पष्ट असावे. त्याचबरोबर एका सत्रात जास्तीत जास्त किती वेगवेगळे विषय शिकवायचे हेही लिहून घ्यावे, कारण एकच विषय दोन तुकड्यांना शिकवणे आणि दोन विषयांची नव्याने तयारी करणे यांत फार अंतर आहे.

तपासणीचे काम तर वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. १२० विद्यार्थ्यांच्या अंतर्गत चाचणीची एक उत्तरपत्रिका दहा मिनिटांत तपासली, तरी २० तास लागतात; हा अर्ध्या आठवड्याचा कार्यभार झाला, आणि तो बहुतेक शिक्षक रात्री घरी बसून उरकतात.

‘इतर कामे’ हे कलम संस्था पूर्ण काढून टाकेल असे मला वाटत नाही. त्याला पुढील जोड मात्र अवश्य मागावी : “अध्यापन, तयारी, मूल्यमापन व सोपवलेली इतर कामे मिळून आठवड्याचे एकूण तास ४० पेक्षा अधिक होणार नाहीत, अधिक काम लेखी आदेशाने सोपवले जाईल आणि त्याच सत्रात तितक्या तासिका कमी केल्या जातील.”

अकरा महिन्यांनी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे असल्याने एकटीने बोलायला मन कचरते, याची मला जाणीव आहे. शक्य असेल तर विभागातील तिघाचौघांनी मिळून एकच लेखी विनंती प्राचार्यांना द्यावी आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी.