आर. एफ. क्वांग यांची ‘बॅबेल’ (२०२२) ही कादंबरी वाचावी का? जमेच्या बाजू, उणिवा काय?

वाचा, निदान पहिल्या अर्ध्यासाठी तरी. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड. चांदीच्या लगडीवर दोन भाषांतले जोडशब्द कोरायचे, ते मोठ्याने उच्चारायचे आणि भाषांतरात जे निसटतं त्याचीच जादू होते. ‘माहेर’ला इंग्रजी शब्द शोधताना ज्याने हात टेकलेत त्याला हे लगेच पटेल!

खटकतं ते वेगळंच. एवढी जादू हाताशी असून इतिहास जवळपास तोच: तेच ब्रिटिश साम्राज्य, चीनशी तेच अफूयुद्ध तोंडावर. मग पर्यायी इतिहास म्हणून काय उरलं? शिवाय तळटीपा. शब्दांच्या व्युत्पत्तीच्या मस्त आहेत, पण बाकीच्या कळलेला मुद्दाच पुन्हा ठोकून सांगतात. पात्रांपैकी कलकत्त्याचा रामी मात्र लक्षात राहतो.