रंगाच्या आधीचं मिग

प्रिय भाचेबुवा,

मिग-21 च्या प्लॅस्टिक मॉडेल-किटच्या खोक्याचा फोटो मिळाला. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला हवाई दलाने मिग-21 या लढाऊ विमानाला निरोप दिला, तेव्हापासून तुझ्या डोक्यात हेच घोळतंय असं ताई म्हणत होती. त्यातही एफएल हा प्रकार, आपल्या ओझरच्या कारखान्यात बनलेलं, आणि तेही चंदेरी! निवड झकास, पण अवघड.

रंगाची बाटली सध्या कपाटात राहू दे. चंदेरी रंग काहीही झाकत नाही, उलट चुगली करतो. मी पहिल्या खेपेला एका रविवारात सगळं उरकलं होतं. वाळल्यावर पाठीवरून शेपटीपर्यंत सांध्याची रेघ लख्ख दिसली, आणि डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा. पॉलिस्टायरीनचा ग्लू चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. तिथे ओलं बोट टेकलं की ठसा कायमचा.

खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा 7.15 मीटर. तुझं किट 1/72 चं, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, म्हणजे हा पसारा जेमतेम दहा सेंटीमीटर. आता उलटा हिशेब कर: सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर खऱ्या विमानावर ती 3.6 सेंटीमीटरची झाली. असं विमान कोण उडवेल?

म्हणून भाग चौकटीतून निपरने, म्हणजे छोट्या कटरने, जरा लांबून काप, उरलेला खुंट पॉलिश पेपरने घास, आणि ग्लूआधी कोरडंच जुळवून बघ. सांध्यातून वितळलेलं प्लॅस्टिक बाहेर आलं तर पुसू नकोस, दोन दिवसांनी घासून टाक. मग राखाडी प्रायमरचा पातळ हात. त्यात उरलेले खड्डे दिसतील. पुट्टी, घासणं, पुन्हा प्रायमर. कंटाळा येईल, येऊ दे. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला, मात्र सुपरग्लू अजिबात नको, काचेवर पांढुरकी वाफ धरते. साधा फेविकॉल लाव.

चंदेरीखाली चकचकीत काळा दे आणि वर पातळ हात मार. पावसाळी दमट दिवशी लॅकर फवारू नकोस, रंग दुधाळतो. डिकल, म्हणजे खुणांची पातळ चित्रं, कोमट पाण्यातून काढून सरकवायचे. हवाई दलाच्या वर्तुळात केशरी बाहेर, हिरवा आत.

इतकं करून सांधा दिसलाच, तर 1971 चं विमान कर. त्या युद्धात कित्येक एफएलच्या चंदेरी अंगावर घाईघाईत हिरवा रंग फासला होता. तुझीही घाई तिथे खपून जाईल. पण मॅट रंगावर डिकलच्या कडा चमकतात, म्हणून आधी ग्लॉस वार्निश आणि शेवटी मॅट.

हो, एक राहिलंच. धड बंद करण्याआधी नाकात वजन भर, छोटे नट चालतील. टेपने सगळं तात्पुरतं जोडून तीन चाकांवर उभं राहतंय का बघ. माझ्या मिगच्या शेपटीखाली अजून काडेपेटीचा टेकू आहे.

तुझा,
मामा